भाऊंचा आकार वाढवा

मराठवाड्यात शूर होणं पूर्वी फार गैरसोयीचं होतं. घरदार सोडायचं, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहायचं, निजामाच्या रझाकारांच्या हाती लागू नये म्हणून नावही सांगायचं नाही. चुडाव्याहून गाडीत बसून नांदेड, मुदखेड ओलांडलं की उमरी लागते. १९४८ च्या जानेवारीत मुक्तिसंग्रामातल्या मंडळींनी तिथली बँक लुटली आणि पैशाचा हिशेब ठेवला! लुटीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आज जिल्हा परिषदेचं तिकीटसुद्धा कुणी देणार नाही.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि यथावकाश शौर्याची फाईल झाली. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन हवी तर भूमिगत असल्याचा दाखला आणा. आता जो नीट भूमिगत होता त्याचा पुरावा कुठून राहणार? उलट जो कधी घराबाहेरच पडला नाही त्याची कागदपत्रं चोख. बीड जिल्ह्यात तर संग्राम संपल्यावर सैनिक वाढत गेले. शेवटी न्यायमूर्ती पालकर आयोगाला ज्वारीतले खडे वेचावेत तसे खरे-खोटे निवडत बसावं लागलं.

आता ती कटकट नाही. आता फ्लेक्स आहे. मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा द्यायला भाऊ फाट्यावर उभे राहतात. वरच्या कोपऱ्यात गोलात दिल्लीचे साहेब, त्याखाली मुंबईचे, मधोमध नखशिखांत भाऊ. पांढरे कपडे, काळा गॉगल, कानाला मोबाईल. (पलीकडे कोण असतं कुणास ठाऊक, फोटोग्राफरच असावा.) पायाशी शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, वर्गणीप्रमाणे लहानमोठे. संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थही असतात, भाऊंच्या कोपराच्या मागे, जागा उरली तर. भाऊंनी नेमकं काय केलं, हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही. ते ‘किंगमेकर’ आहेत, ‘ढाण्या वाघ’ आहेत, आणि मतदारयादी लागली की ‘भावी’ आहेत.

तरी फ्लेक्सला नावं ठेवू नयेत. सोयाबीन काढून ठेवलं आणि वरून पाऊस आला की तोच फ्लेक्स ढिगावर ओढतात. विमा मिळो न मिळो, भाऊ पालथे पडून का होईना शेतकऱ्याच्या कामी येतात. परवा ढीग झाकता झाकता एक मावशी पोराला सांगत होत्या, “भाऊंना म्हणावं, वाढदिवसाचा जरा मोठा लावा. ह्यात दोन क्विंटल उघडं राहायलंय.”