शनिवारची चतुर्थी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी, म्हणजे चांद्र पंचांगानुसार गणपतीच्या प्रतिष्ठापनेची तिथी, कोणत्याही वारी येऊ शकते. अमेरिकेतील अनेक महाराष्ट्र मंडळांनी मात्र उत्सव जवळच्या शनिवारी नेला असून, शाळेचे सभागृह त्याच दिवशी मिळत असल्याने या खगोलशास्त्रीय सुधारणेस गणपतीने हरकत घेतल्याचे आढळत नाही. उकडीचे मोदक, म्हणजे तांदळाच्या पिठीच्या उकडीत गूळ-खोबऱ्याचे सारण भरून वाफवलेले पक्वान्न, तेथे गोठवलेल्या खोवलेल्या नारळावर आणि थाई पिठीवर सिद्ध होतात. त्यातही चिकट तांदळाची पिठी नजरचुकीने आली, तर प्रसाद टाळूस चिकटून भाविकांत दुर्मीळ शांतता पसरते. मोदकाच्या कळ्या, म्हणजे चुण्या, मोजण्याचा अधिकार व्हिडिओ कॉलवरील पुण्याच्या नातेवाइकांकडे असतो, ज्यांनी स्वतःचे मोदक सकाळीच दुकानातून आणलेले असतात.