आजीचं विज्ञानयुग

सराव परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात आला, की निबंधाच्या पहिल्या चार ओळी मी डोळे मिटून तपासतो. विषय ‘मोबाइल : शाप की वरदान’ असो नाहीतर ‘माझी आजी’, सुरुवात ठरलेली : आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे. बिचारी आजी गुडघे धरत त्या युगातून चालत येते तोवर पान संपतं. परवा एका पोराने थेट लिहिलं, आजीचा चष्मा आज फ्रिजमध्ये सापडला, कोथिंबिरीच्या जुडीखाली. मी खुर्चीत सरसावून बसलो. शेजारच्या बाईंनी मात्र समासात शेरा ओढला : प्रस्तावना नाही, एक गुण वजा.

फ्रेंच निबंधकार मोंतेनने १५८० साली आपले निबंध छापले, तेव्हा आरंभीच वाचकाला सांगून टाकलं होतं, की असल्या फुटकळ विषयावर वेळ घालवू नकोस. त्याचे किती गुण कापले असते, हे बाईंना विचारायचं राहिलं.