एसी हाल आणि अर्धा चंद्र

फुलंब्रीहून संभाजीनगरकडे निघालं की रस्त्याला मंगल कार्यालयं आणि लॉन्स लागतात. लग्नसराईत एखाद्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत आश्वासन दिसतं : ‘पाहुण्यांसाठी एसी हाल’. वऱ्हाडाचे हाल आमच्याकडे पूर्वापार होत आलेत. ते थंड हवेत करायची सोय तेवढी नवी. मालकाचा हेतू चांगलाच असतो. फक्त ‘हा’च्या डोक्यावरचा अर्धा चंद्र फ्लेक्सवाल्याच्या दुकानात राहून जातो. तो गेला की मॉलचा माल होतो, कॉलचा काल होतो आणि बॉस म्हणजे नुसतं बास!

एवढ्याशा खुणेवर एवढी जबाबदारी टाकणारे आपण एकटेच नाही. रोमन लिपीत स्वराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ देतात. ती म्हणजे बदलीच्या नोकरीतला कारकून. गाव बदललं की खातं बदलतं. चेक भाषेत तिच्याकडे स्वर दीर्घ करायचं काम, स्पॅनिशमध्ये आघात कुठे द्यायचा ते सांगायचं, फ्रेंचमध्ये ‘ए’चा उच्चार ठरवायचा आणि व्हिएतनामीत तर सूर वर चढवायचा. पोलिश लोकांनी ती ‘ओ’वर बसवली आणि त्याचा सरळ ‘ऊ’ करून टाकला. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये ‘पापा’च्या शेवटच्या स्वरावर रेघ असेल तर वडील, नसेल तर बटाटा. तिथल्या मुलांनी घरी पत्र लिहिताना किती जपावं लागत असेल!

आपला चंद्र त्या मानाने स्थिर. तो येण्याआधी मराठी छापखाने ‘ब्यांक’ आणि ‘क्याप्टन’ छापायचे. बंगाली आणि कानडी अजूनही या ‘ब्या’वरच चालतात. आमची आजी शेवटपर्यंत ‘ब्यांकेत’ जात होती आणि तिचं व्याज आमच्या ‘बँके’इतकंच निघत होतं. हिंदीवाले लिहितात ‘बैंक’. त्यांचा ‘ऐ’ तोंड फाकवून म्हणायचा, आपला ‘अइ’ असा. त्यामुळे पाटीवरची हिंदी ओळ आमची पोरं ‘बइंक’ अशी बैलाच्या चालीवर वाचतात. उलट आपला ‘बँक’ हिंदी पाहुण्याला दिसला, की चंद्रावरचा ठिपका पाहून तो सगळा शब्द नाकातून काढतो. एकाच पाटीखाली दोघं उभे राहतात आणि दोघांनाही समोरचा अशिक्षित वाटतो.

यावर शहाणपणाचा तोडगा आजोबांच्या उर्दूने काढला होता. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948ला मोकळा झाला, पण आजोबांचा हिशेब उर्दूतच राहिला. उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, जेर-जबर, रोजच्या लिखाणात घालतच नाहीत. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. आजोबांची उधारीची वही घरात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे कोण किती देणं लागतं हे गावात फक्त दोघांना ठाऊक असायचं. त्यातला दुसरा कधीच बोलायचा नाही.

चंद्राची खरी परीक्षा मात्र तालुक्याच्या वकिलांच्या पाट्यांवर. एका पाटीवर ‘ॲड.’, शेजारी ‘ऍड.’, पलीकडे ‘एड.’. एका पाटीवर तर ‘अ’ आणि चंद्र यांची फारकत झालेली. चंद्र बिचारा ठिपक्यांच्या गोलावर वेगळा राहतोय. त्याला कारणही आहे. संगणकाच्या युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळालं ते 2008 साली, 5.1 आवृत्तीत. तोवर कुणी ‘ए’वर चंद्र ठेवून भागवायचं, कुणी ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे टाइप करून जुळवायचं. संगणकाच्या लेखी मात्र ही सगळी निरनिराळी अक्षरं. म्हणून एकाच वकिलाचं नाव यादीत एका पद्धतीने सापडतं आणि दुसरीने नाही. पुढच्याच वर्षी, 6 नोव्हेंबर 2009ला, राज्य सरकारनेही शासन निर्णय काढून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठी वर्णमालेत घेतले. पिढ्यान् पिढ्या ऑफिसात जाऊन, बँकेत रांगा लावून आणि मॅच बघून झाल्यावर हे दोन्ही स्वर नोकरीत कायम झाले.

हा सगळा इतिहास मी एका वकीलसाहेबांना ऐकवला. त्यांच्या पाटीवर एक प्रकार, लेटरहेडवर दुसरा आणि गाडीच्या काचेवर तिसरा. म्हटलं, ‘साहेब, यातला बरोबर कोणता?’

साहेबांनी तिन्हींकडे नीट पाहिलं. चष्मा पुसला. म्हणाले, ‘मुद्दा वादाचा आहे. तारीख घेऊ.’