दोरीचं काय घेऊन बसलात?

“काकू, काल तुमच्या अंगणात निळा धूर आला का हो? यांनी मोटर लावली होती.”

“धूर? अगं, वाळत घातलेल्या चादरींना अजून ऑइलचा वास येतोय! कसली मोटर? लूमची?”

“छे, होडीची. आउटबोर्ड म्हणतात ती. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, वरून दोरी ओढायची, की खाली पंखा फिरतो. जुनी जॉन्सन सीहॉर्स आहे. खाडीकडच्या भंगारात किलोच्या भावानं मिळाली.”

“आणि होडी?”

“होडी नाहीये.”

“कमाल आहे बाई तुझ्या नवऱ्याची!”

“ऐका तरी. दोरी ओढली की अर्ध्यात अडकायची आणि सोडली की आत जायचीच नाही. शेवटी तुटलीच. म्हणून हे बसले दोरी बदलायला. वरचं झाकण उलटं केलं, मधला स्क्रू काढला आणि आतली स्प्रिंग टाणकन उडाली. चांगली लांबलचक पोलादी पट्टी असते, डबीत गुंडाळून बसवलेली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, तळहात मात्र कापला.”

“मला हाक मारायची. आमच्या कारखान्यावरचा लूम दुरुस्त करणारा जुना जॉबर पाठवला असता.”

“त्यालाच बोलावलं मग. त्यानं स्प्रिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी स्पार्क प्लग काढला आणि वरचं जड चाक हातानं फिरवायला गेला. हलेचना! म्हणाला, ‘दोरीचं काय घेऊन बसलात, साहेब? इंजिनच जाम आहे. जोर लावलात म्हणून दोरी तुटली.’”

“बरोबर बोलला. लूमवर सूत तुटलं की नवा पोरगा गाठ मारत बसतो. जाणता माणूस आधी धोटा कुठे घासतोय ते बघतो.”

“मग प्लगच्या भोकातून ऑइल सोडून ठेवलं. सकाळी चाक सुटलं. पण बोल्ट काही सुटेनात. खाऱ्या पाण्यातली मोटर ना! ॲल्युमिनियमच्या अंगात लोखंडी बोल्ट, त्यात मीठ. हे पान्याला पाइप लावून जोर काढायला निघाले, तर त्यानं हात धरला. बोल्टचं डोकं तुटलं तर आतला तुकडा काढताना ड्रिल सरकतं मऊ ॲल्युमिनियमकडे आणि सगळं घर खराब होतं. त्यानं आपलं गरम करायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा गरम करायचं, असं चालवलं. संध्याकाळपर्यंत सगळे बोल्ट बाहेर.”

“आणि दोरी?”

“तिच्या चक्रीवर एक छोटा कुत्रा असतो. दोरी ओढली की बाहेर येऊन चाकाला पकडतो, इंजिन लागलं की मागे सरकतो. जुनं ग्रीस वाळून तो चिकटला होता. जॉबर हसला, म्हणाला, कापड गुंडाळणाऱ्या दात्यांच्या चाकावर असतो तोच हा. डिझेलनं धुतला, झालं. मग चक्री दोन-तीन फेरे उलटी फिरवून स्प्रिंगला ताण दिला आणि दोरी ओवली. दोरी पुरती बाहेर आल्यावरही चक्री थोडी पुढे फिरायला हवी म्हणे. नाहीतर प्रत्येक ओढीचा झटका स्प्रिंगला बसतो आणि ती तुटते. चाकाखालचे पॉइंट घासले, तेव्हा ठिणगी पडली.”

“धूर का पण एवढा?”

“टू-स्ट्रोक आहे ना. लिटरभर पेट्रोलला वीस मिली ऑइल, फारच जुन्या मोटरींना त्याच्या दुप्पट. यांनी दुप्पट घातलं, वर सिलिंडरमध्ये सोडलेलं होतंच. आणि तेवढ्या धुरात यांचं व्याख्यान! १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडनं अशी मोटर विकायला काढली, दीड हॉर्सपॉवरची. तेव्हा ओढायला दोरीसुद्धा नव्हती, चाकावरची मूठ धरून फिरवायचं, बोटं फुटायची. जॉन्सन पुढे त्याच घरात आली. आणि त्या एव्हिनरूडचंही उत्पादन २०२० मध्ये बंद झालं.”

“मग सुटे भाग कुठून आणणार?”

“पाण्याच्या पंपातला रबरी पंखा तेवढा मागवला. तो कडक झाला की पाणी वर चढत नाही आणि इंजिन शेकतं.”

“चालवणार कुठे हा? कामवारी नदीत जलपर्णी आहे, पंख्याला विळखा बसेल.”

“कशेळीच्या खाडीत. हे म्हणतात, कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे, २०१६ च्या कायद्यात आलाय, आपली तयारी असलेली बरी.”

“होडीशिवाय?”

“तेच तर! तूर्तास पिंपात चालवतात. कोरडी चालवली तर तो रबरी पंखा मिनिटात जळतो.”

“कुठल्या पिंपात?”

“तुमच्याच. जिन्याखालचं निळं.”

“अगं बाई! त्यात मी नळाचं पाणी भरते! या मोटरीचा धूर पाण्याखालून निघतो ना? मग ऑइल सगळं त्यातच. ते पिंप आता तुमच्याकडेच ठेवा आणि मला नवं आणून द्या, झाकणाचं. उद्या पाणी यायच्या आत!”