अंड्यातूनच सरकारी

आमच्या एका स्नेह्यांना बहिरी ससाणा पाळायचं खूळ लागलंय. दुबईला पाहून आले. तिथं २००२ पासून ससाण्यांना पासपोर्ट मिळतो आणि ते मालकाशेजारच्या सीटवरून प्रवास करतात. स्नेह्यांना येताना मधली सीट मिळाली होती. सल तीच असावी.

मुक्काम चेन्नईत, म्हणजे अर्ज गिंडीला. तमिळनाडू वनखात्याचं मुख्यालय तिथंच, वेळाचेरी रस्त्यावर. ‘पक्षी रानातला नाहीच, इन्क्युबेटरमध्ये जन्मलाय,’ हा यांचा हुकमी एक्का. पुरावा पायातली बिनजोड कडी: पिल्लू जेमतेम आठवड्याचं असताना पंज्यावरून सरकवतात, पाय भरला की ती निघत नाही.

पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बहिरी ससाणा पहिल्या अनुसूचीत आहे. यंत्रात उबवला तरी तो वन्यच. कलम ३९ प्रमाणे बेकायदा पाळलेला किंवा बंदिवासात पैदा केलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. अंड्यातून बाहेर येताच सरकारदरबारी कायम होणारा दुसरा जीव आमच्या ऐकिवात नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षं. पिंजऱ्यात राहायचं ते स्नेह्यांनी.

खातं आडमुठं वाटेल, पण एकदा ‘घरी जन्मला’ असे दाखले सुटले, की सह्याद्रीच्या कड्यावरून काढलेलं शाहीन या इथल्या बहिरी ससाण्याचं पिल्लूही त्याच दाखल्यावर घरचं होईल. दाखले कसे निघतात, हे आपल्याला का कुणी सांगायला हवं?

परदेशी प्राण्यांचा थाट निराळा. २०२० मध्ये केंद्रानं योजना काढली: सहा महिन्यांत स्वतःहून सांगा, कुठून आणला त्याचे कागद मागणार नाही. इथं रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला माणसाच्या चपला झिजतात! फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी मग त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या परदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद सक्तीची केली. पिल्लू झालं, कळवा. मेलं, कळवा. दुसऱ्याला दिलं, तेही कळवा.

हे ऐकून स्नेही खुलले. आता त्यांना अमेरिकेतला एखादा शिकारी पक्षी हवाय, रीतसर कागदांसह. तो रोज लावे नाहीतर कोंबडीची पिल्लं खाणार, आणि यांची सोसायटी शुद्ध शाकाहारी. तो अर्ज सेक्रेटरींकडे करायचा, आणि त्यांनी अजून एकही सवलत योजना काढलेली नाही.