20 रुपये 65 पैशांचा डॉलर

डॉलर महागला म्हणून जे गळा काढतात, त्यांनी आधी नीट चौकशी करावी. डॉलरचा भाव 20 रुपये 65 पैसे आहे. म्हणजे 2017 साली होता. त्या वर्षी बँका डॉलरमागे सरासरी 65 रुपये घेत होत्या, पण बँकांचं काय एवढं मनावर घ्यायचं! 176 अर्थव्यवस्थांतले भाव गोळा करून, तांदळाला तांदूळ, भाड्याला भाडं आणि केसांच्या कटिंगला कटिंग लावून क्रयशक्तीचा जो जागतिक हिशेब झाला, त्यात आपल्या रुपयाला हा मान मिळाला. या दराने अर्थव्यवस्था मोजली की चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ आपलाच नंबर. तिसरा.

हे तुम्हाला ठाऊक आहेच, कारण ते गृहस्थ तुमच्याही सोसायटीत राहतात. कुणी रुपया घसरल्याचा विषय काढला की ते हातातली कुत्र्याची साखळी आवळतात आणि म्हणतात, ‘डॉलरमध्ये मोजायचंच नाही हो. क्रयशक्तीत मोजा.’ हेच गृहस्थ चिरंजीवांच्या बॉस्टनच्या फीचा हिशेब मात्र बँकेच्या दराने करतात, शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सह्या करता करता, सुस्कारे टाकत. का बरं? देशाला जो दर लागू, तो पोराला का नाही? विद्यापीठाला एक पत्र तर टाकून बघा, ‘आमच्याकडे कटिंग स्वस्त असल्याने फी त्या मानाने घ्यावी.’

मी मात्र तत्त्वाला जागलो. तो 20 रुपये 65 पैशांचा डॉलर विकत घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने पॅन कार्ड मागितलं, पासपोर्ट मागितला, तिकीट मागितलं. सगळं पुढे केलं. दर सांगितल्यावर तिने मला पाणी विचारलं. मी म्हटलं, हा दर 176 ठिकाणी चौकशी करून काढलेला आहे, घासाघीस नको. तिने साहेबांना बोलावलं. साहेब समजूतदार निघाले. म्हणाले, ‘दर खरा आहे, पण त्या दराचा डॉलर अजून छापलेला नाही.’ बरं, छापला असता तरी 65 पैसे देणार कसे? पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 2011 सालच्या जूनअखेर चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने चालतात, व्यवहारात कुणाच्या हातावर ठेवून बघा! उरलेले पंधरा पैसे गोळीच्या रूपाने द्यावे लागणार. म्हणजे ज्या दरावर आपलं जागतिक स्थान उभं आहे, तो रोखीत चुकताच करता येत नाही. वर एक पेपरमिंट लागते. मोबाइलवरून पैशापैशासकट पाठवता येतात हे मान्य, पण घेणारा कुठे आहे? कच्चं तेल आपण ऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, फोडणीचं तेल निम्म्याहून जास्त. आखातातल्या तेलवाल्यापासून इंडोनेशियातल्या पामतेलवाल्यापर्यंत एकाही विक्रेत्याला हा डॉलर पाहून माहीत नाही. सोनेवाल्याचं तर बोलायलाच नको.

मग हा दर आला कुठून? मुख्यतः कटिंगमधून. कटिंग आयात करता येत नाही. अमेरिकेत तिला वीस-तीस डॉलर पडतात. इथे गल्लीत शंभर रुपयांत डोकं भादरून मिळतं आणि वर मालिश. (मालिशचे वेगळे गुण मिळाले असते तर आपण दुसरे असतो.) हिशेब करणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. शंभर रुपयांच्या कटिंगची किंमत बँकेच्या दराने डॉलर-सव्वा डॉलर धरणं हाही अन्यायच. चार माणसांचं घर इथे जितक्या रुपयांत चालतं, तितक्याचे डॉलर करून तिकडे महिना काढता येणार नाही, हे कुणालाही पटेल.

पण कटिंग स्वस्त का, हे विचारायचं नाही. ती स्वस्त आहे, कारण कापणाऱ्याला कमी मिळतं. आमच्याकडे मावशी येतात. चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी महिन्याला दोनशे वाढवून मागितले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली आणि ‘कृपया कुणीही रेट बिघडवू नये’ असं ठरलं. ठरवणाऱ्यांत क्रयशक्तीवाले गृहस्थ आघाडीवर. बरोबरच आहे. मावशींना जितकं कमी द्याल, तितका रुपया तगडा आणि तितका देश श्रीमंत! सरकारी शाळा-दवाखान्यांतल्या सेवेला बाजारभाव नसतो, म्हणून तिथे पगाराला पगार लावून बघतात. त्या न्यायाने पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर शिकवणारी, तासांचे पैसे महिनोन् महिने न मिळणारी आमची पोरं म्हणजे देशाची मोठीच शिल्लक म्हणायची. त्यांना कायम करण्याचा घातकी विचार कुणी मनातही आणू नये.

आणि मावशींचं स्वतःचं काय? गोडं तेल, गॅस, मुलीच्या अभ्यासासाठी हप्त्यावर घेतलेला मोबाइल, या प्रत्येक गोष्टीच्या भावात बँकेचा डॉलर बसलेला आहे. 2017च्याच हिशेबाने बोलायचं तर श्रम विकायचे वीसच्या डॉलरने, सामान घ्यायचं पासष्टच्या. दोन दरांमधली ही पंचेचाळीस रुपयांची दरी दर महिन्याला त्या भरतात आणि तिसऱ्या नंबरचा पेढा आम्ही खातो. चीड येते ती याची.

गरिबी मोजायलाही हाच डॉलर. 2025 साली आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलर झाली. बँकेच्या त्या वर्षीच्या दराने अडीचशेच्या वर होतात म्हणून हुरळून जाऊ नका. या डॉलरने माणशी शंभर रुपयेही होत नाहीत. तेवढे दिवसाला खर्च करणारा गरीब नाही.

तेव्हा तिसरा नंबर कुणी ऐकवला तर वाद घालू नका. याच दराने माणशी उत्पन्न काढून नंबर लावायला सांगा. तो शंभराच्या पलीकडे आहे.