नाडीपरीक्षा

आमच्या आत्याच्या पर्समध्ये एक नाडी असते. परकराची, मुळात पांढरी, आता धुऊन धुऊन राखाडी झालेली. तिला जागोजागी गाठी मारलेल्या आहेत. परक्या माणसाला वाटेल, अडीनडीला असावी म्हणून ठेवली असेल. तसं नाही. त्या नाडीवर आमचं अख्खं खानदान आहे. टोकापासून साध्या गाठीपर्यंत बाबांची कंबर, लाल दोरा गुंडाळलेल्या गाठीपर्यंत ठाण्याच्या भाऊजींची. धाकट्या वहिनीच्या ब्लाउजची बाही, भाच्याच्या पँटची उंची, सगळं त्याच नाडीवर. दुकानदाराकडे टेप असते, पण आत्याचं म्हणणं, "त्याची टेप त्याच्या दुकानाची नोकर. ती त्याच्यासारखंच बोलणार."

दसरा झाला की मला बोलावणं येतं. "उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, मला खरं माप हवंय." यंदा माझी गाठ दोन बोटं पुढे सरकली. आत्याने गाठ सोडून नव्याने मारली आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात अशी बाई घरटी एक तरी सापडते. दिवाळीची देण्याघेण्याची खरेदी म्हटली की बाकीच्या घराच्या पोटात गोळा येतो. भाऊबीजेला कोणाला काय, पाडव्याला जावयाला काय, मागच्या वर्षी आपण काय दिलं होतं आणि त्यांनी काय दिलं होतं! या बाईच्या अंगात मात्र वारं शिरतं. पाणी प्यायला उठताना जिचे गुडघे कुरकुरतात, तीच बाई उल्हासनगरच्या बाजारात पाच तास पायी फिरते.

दिवस ठरलेला: दसऱ्यानंतरचा पहिला बुधवार. रविवारी जाणं तिच्या लेखी अडाणीपणा. कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरली की मी बदलापूरला लोकलमध्ये बसतो, अंबरनाथला ती चढते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. आत्याची खरेदीची पिशवी साधारण त्याच शतकातली असावी. पुढचंच स्टेशन उल्हासनगर. तेवढ्या वेळात ती यादी काढून मला वाचायला देते. यादी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर. तिच्यात कोणाला काय घ्यायचं हे नसतंच, काय घ्यायचं नाही तेवढंच असतं. "भाऊजी, निळा शर्ट नको, तीन आहेत. वहिनी, स्टीलचा डबा नको, मागच्या वेळी तोंड वाकडं. विहीणबाई, लेमन सेट मुळीच नको, आपलाच परत येतो." एवढं वगळलं की उरेल ते घ्यायचं. डोकं शिणत नाही, म्हणते.

काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांना बरोबर नेण्याचा प्रयोग एकदाच झाला. पहिल्याच दुकानात त्यांनी विचारलं, "झालं का?" त्यानंतर हमाल म्हणून माझी नेमणूक झाली.

बाजारात शिरण्याआधी दाल पकवान. हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही. गाडीवर उभं राहायचं, कुरकुरीत पकवान हाताने मोडायचं, वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी आणि कांदा जास्तीचा मागून घ्यायचा. "भुकेला माणूस पहिल्याच दुकानात घेऊन मोकळा होतो," ती बोटं पुसत सांगते. मागच्या वर्षी मी मोबाईलवरून परस्पर सहा जणांची खरेदी उरकली होती. तिला दाखवली. तिने सगळं बघितलं आणि विचारलं, "आणि ह्यात दाल पकवान कुठे मिळतं?" सहापैकी चार शर्ट परत पाठवावे लागले, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे.

मग रिक्षाने कॅम्प दोन. गजानन मार्केट, जपानी बाजार. पहिला तासभर पाकीट उघडायचं नाही, फक्त भाव काढायचा. "साईं, खाली देखने का है, लेने का नहीं," असं दारातच जाहीर करून ती गादीवर ऐसपैस बसते. साडीचा कोपरा मुठीत चुरगळून सोडते आणि तिच्याकडे असं बघत राहते, की साडीनेच कबुलीजबाब द्यावा. "धुने के बाद रंग जायेगा क्या? हमारे में ऐसा रंग चलता नहीं. आप बराबर बोलो." दुकानदार साईं शपथा घेतात, खरेदीचाच भाव सांगितला म्हणतात. ती हसते. तेही हसतात. चहा येतो. दोघांपैकी कोणालाच घाई नसते. घाई फक्त मला असते.

उल्हासनगरच्या मालावरचे विनोद मात्र तिच्यासमोर करायची सोय नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद एकदा मी केला. एरवी खेळकर असणारी आत्या एकदम मास्तरीण झाली. फाळणीनंतर घरदार टाकून आलेली माणसं इथे लष्कराच्या बराकींत राहिली, कित्येकांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकून संसार उभे केले. १९४९ च्या ८ ऑगस्टला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, तेव्हा कुठे कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. "अशा माणसाला आपण फसवू शकत नाही," ती म्हणाली, "आणि त्याने पाच-पन्नासाला फसवलं तर राग धरायचा नाही." एवढं सांगून तिने त्याच गल्लीत एका पेटीकोटमागे आठ रुपयांसाठी वीस मिनिटं घातली.

परतताना तिची एक खरेदी स्वतःसाठी असते. केसांच्या पिना किंवा चाळीस रुपयांचं पाकीट. ती मात्र भाव न करता घेते. का, ते विचारायचं राहूनच गेलं.

यंदा बाबांच्या गुडघ्यांनी संप केला, म्हणून आत्याची भाऊबीज आणायची कामगिरी माझ्यावर आली. ती बरोबर असून चालणार नव्हती. मी गुपचूप एकटाच गेलो. दाल पकवान खाल्लं. नेहमीच्याच दुकानात गादीवर ऐसपैस बसलो. मोरपंखी साडी आवडली. साईं म्हणाले, चोवीसशे. मी कोपरा चुरगळला. "हमारे में ऐसा रंग चलता नहीं," म्हणालो. अकराशे म्हणालो. उठलो, चपला घातल्या, पायऱ्या उतरायला लागलो. मागून हाक आली, परत बसलो. साडेतेराशेला सौदा पटला. घामाघूम झालो होतो, पण येताना लोकलमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन असा बसलो होतो, की जणू किल्ला सर करून आलोय.

भाऊबीजेला ओवाळून झालं. बाबांनी ताटात पिशवी ठेवली. आत्याने साडी उलगडली, अंगावर लावून बघितली, बाबांना नमस्कार केला आणि मग हळूच माझ्या शेजारी येऊन बसली.

"कितीला?"

"साडेतेराशे." मी छाती पुढे काढली.

"पायऱ्या किती उतरलास?"

"दोन."

"वाटलंच." तिने घडी घालता घालता मान हलवली. "मीच आदल्या आठवड्यात ठरवून ठेवली होती. साईंना म्हटलं, पोरगा येईल, चोवीसशेपासून सुरू करा, जरा झुंजू दे त्याला. तिसरी पायरी उतरला असतास तर तेराशेला देणार होते ते."